ठोक्यांत बुडालेला शब्द

हाअपाई, टोंगा

प्रिय मेलेआने,

काल ऑकलंडहून फोनवर तू रडलीस, "दादा, तीन पोरं, वर नोकरी. बायबल उघडायला उसंत नाही. माझा विश्वास सुकला रे."

आज गावात बायका झाडाच्या सालीचं कापड करायला साल ठोकताहेत आणि मला आई दिसतेय. तीही कधी बायबल घेऊन बसली नाही. ती ठोकायची, आपण शेजारी बसून तिला ते वाचून दाखवायचो. मध्येच मोगरी थांबवून म्हणायची, "पुन्हा वाच गं टवळे, शब्द ठोक्यात बुडाला!" मग तोच शब्द समुद्रावरून आल्यासारखा परत यायचा.

हे पत्र पाठवत नाही. तुला वाचायचं आणखी एक ओझं कशाला? संध्याकाळी फोन करून एवढंच सांगीन: तू भांडी घास, तुझी पोरगी लुपे शेजारी बायबल वाचेल. शब्द बुडाला, तर नळ बंद कर.

तुझा दादा,
सेमिसी