खिडकीतल्या ओट्याचं माप

५ डिसेंबर
देव आज आमच्या अणदूरहून दोनेक महिन्यांसाठी नळदुर्गला गेले. आई पडल्यामुळे यंदा पहिल्यांदाच वेशीपर्यंत सोडायला गेली नाही. डॉक्टरांनी चालणं घरापुरतंच सांगितलंय. दारातूनच हात जोडले तिनं. दारातून देवळाचं शिखर दिसत नाही, दिसतं ते मधल्या खोलीच्या खिडकीतून. तिथं भिंतीला धरून पक्का ओटा बांधावा असं मनात आहे. देव परत यायच्या आत.

९ डिसें.
रफिकभाई गवंडी येऊन गेले. ओटा दीड फूट उंच, वर शहाबादी फरशी, खाली गोधड्यांना कप्पा (ही माझ्या बायकोची, सुमनची अट). खुर्ची लावून मी बसून पाहिलं. शिखर सरळ समोर. भिंतीवर पेन्सिलीनं खूण केली.
आई : "कुणासाठी रं एवढं?"
म्हटलं, सगळ्यांसाठी. खोटंच.

१४ डिसें.
विटा आल्या. रफिकभाई म्हणाले, "अण्णा, आधी अम्मांना बसवून बघा. बांधलेलं तोडायला लई जिवावर येतं."
नुसत्या विटा रचल्या, वर फळी. आईला बसवलं.
"काय दिसतंय?"
"शेजाऱ्याचा पत्रा."
मी माझ्या पाठीनं मोजलं होतं. तिची पाठ वाकलीय, रोज बघतो. मोजताना आठवलं नाही. दिवसभर तेच डोक्यात.

१५ डिसें.
विटांचे दोन थर वाढवले. शिखर पुरं दिसलं. पण तिथवर चढायचं कसं? खाली पायरी ठेवली, तरी गुडघा उचलेना.
"शिखर दाखवायला किल्ला चढवतोस व्हय?"
रफिकभाई हसले. मीही. आईनं पाय पायरीवरून खाली घेतला.

१६ डिसें.
काम थांबवलं. बेत सोडावा का? सुमन म्हणते, त्यांनाच विचारा की. विचारलं तर आई म्हणाली, "कशाला खर्च." म्हणजे हवंय.

१९ डिसें.
दुकानातून जेवायला आलो तर एक थर कमी. विटा कोपऱ्यात नीट रचलेल्या. आई फळीवर बसलेली, मांडीवर जपमाळ.
सुमन म्हणाली, "मला काढायला लावला. खिडकीचा गज धरून आपल्या आपण चढल्या."
"दिसतंय का?"
"शिखर न्हाय. कळस दिसतो. बास तेवढा."
शेजारी बसलो. पाठ वाकवून बघितलं. पत्रा, आणि त्याच्यावर कळस. वीतभर असेल.
जुनी खूण पुसली, नवी केली. रफिकभाईंना सोमवारी यायला सांगितलं.
उतरताना मात्र आईला माझा हात धरावा लागला. पायरी बुटकी करून बघू, गजाला एक आडवा दांडा लावू. तरी मी दिवसभर दुकानात, सुमन शेतात. त्या वेळी हात कोण देणार, ते अजून सुचलेलं नाही.