कुंचीची गोमुखी

श्रावण शु. ३, सोमवार
आत्याबाईंची गोमुखी, जपाची पिशवी, उंदरांनी खाल्ली. जपमाळ तेवढी शाबूत. चिंध्यांत लेंड्या, मुताचा भपकारा. काठीने उचलून बाहेर टाकली, तरी न्हाणीत जाऊन ओकले. सातव्या महिन्यात ओकारी राहत नाही म्हणे. मला राहिली आहे.
ह्या खेपेला मूल जगावं म्हणून ह्यांच्या आत्याबाईंनी सव्वा लाख जप धरलाय. तेव्हा पिशवी हवीच. विकत नाही, घरात आहे त्यातून.

शु. ४, मंगळवार
उद्या नागपंचमी, कात्री धरता येत नाही, म्हणून आजच बेतली. ट्रंकेत सगळ्याला बुरशी. ह्यांचा कचेरीतला कोटसुद्धा कुबट. धड एकच निघालं, बाळाची कुंची. खणाची, जरीकाठी, आत्याबाईंच्याच हातची. दोघांनी घातली. थोरल्याने पाच महिने, धाकटीने अकरा दिवस.
परत ठेवत होते. आत्याबाई म्हणाल्या, "तीच काप. येणाऱ्याच्या डोक्यावर ती नको."
कापली. टोपीच्या भागातून गाईचं तोंड सोपं निघालं. अस्तराला ह्यांचं जुनं उपरणं, दोरा धोतराच्या काठाचा, उसवून. कुंचीला आतून अजून टाळूच्या तेलाचा डाग. पुढे लिहवेना.

शु. ६, गुरुवार
शिवून झाली. सुई गंजकी, केसांत घासून घासून चालवली. आत्याबाईंनी उलटसुलट पाहिली. "मॅट्रिक झालीस, टाके मात्र हातभर!" तरी लगेच हात घालून बसल्या.

शु. ११, मंगळवार
एकादशी. जपाला बसल्या की आत्याबाईंना तीन-तीन शिंका. पावसाने असेल. पण मणी सरकल्याचा आवाज नाही. गोमुखीतल्या हाताचं काय चाललंय ते पाहू नये, विचारू नये. नाही विचारलं.

पौर्णिमा, शनिवार
कळलं. लाकडं आणणारी लखमी मोखाड्याच्या बाजारातून आली. पदराच्या गाठीतून पुडी काढून म्हणते, "बाय, ही आत्याबायची तपकीर. तुला सांगू नको बोलली, पन दार तूच उघडलंस."
आत्याबाई आंघोळीला गेल्यावर गोमुखीत हात घातला. माळेशेजारी डबी. अस्तर तपकिरीने माखलेलं, ओलसर. ओल नाकाची. बोटांना चिकटलं. शी! राखेने हात धुतले, मग चिंचेने. वास जात नाही. ह्याच हाताने नैवेद्य.
माझ्या लेकरांच्या डोक्यावरचं कापड ते!

वद्य २, सोमवार
दोन दिवस त्यांच्या पानात लांबूनच वाढलं. आज हे कचेरीत गेल्यावर विचारलं.
"जप किती झाला?"
"एक माळही नाही."
मी उठून जाणार होते. तर म्हणाल्या, "थोरल्याच्या वेळी लाख केला. धाकटीच्या वेळी सव्वा लाख, मणी चुकला नाही. सूनबाई, ह्या खेपेला देवाला आठवणच नको. त्याचं लक्ष नको आपल्या घराकडे. सांगू कुणाला? म्हणून हात घालून बसते. रिकामा हात थरथरतो गं, म्हणून डबी."
किळस गेली नाही. त्यांची वाटते, की आणखी कुणाची, ते लिहवत नाही. राम राम राम.

वद्य ५, गुरुवार
गोमुखी उसवली. अस्तर, खण, सारं धुतलं. खणाला आतून तेलाचा डाग होता, त्यावर तपकिरीचा. आता एकच दिसतो. कोणता राहिला कळत नाही. फार चोळलं नाही. पुन्हा शिवली, बारीक टाक्यांनी. माळ घातली. डबी हातात धरून उभी राहिले. श्वास रोखून तीही आत टाकली आणि आत्याबाईंना नेऊन दिली.
जेवताना ह्यांनी विचारलं, "आत्या, जप कुठवर आला?"
"चालू आहे," मीच म्हटलं. आत्याबाईंनी पानावरून मान वर केली नाही.
दिवेलागणीला माझी रोजची एक माळ. पहिल्याच मण्यावर बोट थांबलं. पोटात पोर फिरत होतं. माळ तशीच खुंटीला लावली.