शेंड्याचा मणी

तीर्थरूप अण्णा,

स्कॉटलंडहून तुमच्या हर्षदाचा वाकून नमस्कार. इथे थंडी आहे, पण आईचा स्वेटर अंगात आहे.

मी काम करते तो कारखाना बिअरचा आहे. तुम्ही माळकरी, म्हणून फोनवर सांगायचं धाडस झालं नाही.

काल वर्षभर लाकडी पिंपांत मुरवलेली काळी, कडक बिअर चाखायची होती. सगळे दाराजवळच्या पिंपांतून घोट घेऊन खूश होते. मला मात्र तुम्ही आठवलात, द्राक्षाच्या घडाच्या शेंड्याचा मणी तोंडात टाकून म्हणणारे, "हा पिकला म्हंजे बाकी बघायचं कारण नाय."

मी सरळ गार कोपऱ्यातल्या, सगळ्यांत उशिरा मुरणाऱ्या शेवटच्या पिंपाकडे गेले. एकच घोट घेतला, डोळे मिटून. अण्णा, काकवी, बेदाणा आणि जळक्या लाकडाचा वास! मी म्हटलं, "माल तयार आहे." आमच्या मोठ्या बाईंनी मला मिठीच मारली. आता दरवर्षी शेवटचं पिंप मीच चाखायचं.

आईचा गुडघा कसा आहे? आपल्या सायखेड्यात थंडीनं द्राक्षाचे मणी तडकले नाहीत ना?

मी फेब्रुवारीत येतेय. तोवर हवं तेवढं रागवून घ्या, पण शेंड्याचा मणी मी आल्यावरच चाखा.

तुमचीच,
हर्षदा