स्वारीचं बोट

९ नोव्हें., रवि.
बाळकुमहून आत्ताच आलो. डोकं भणभणतंय.
लेकीच्या घरी, तिच्या सासूसमोर, एवढंच व्हायचं बाकी होतं. ईरा चार महिन्यांची. हिरड्या शिवशिवतात म्हणून सारखी मूठ चोखते. स्वारी नातीला मांडीवर घेऊन सोफ्यावर. टीव्ही बघता बघता बोट नाकात. सावकाश, मन लावून, विहीर खणायला घेतल्यासारखं. आणि मग तेच बोट, तेच, ईराच्या तोंडात. हिरड्या चोळायला!
मुक्ता किंचाळलीच. बाळ हिसकावून घेतलं. "बाबा, शी! काय करताय तुम्ही?"
"काय केलं मी?"
विहीणबाई खिडकीतून खाडी बघायला लागल्या. जावई पाणी आणायला आत गेला तो आलाच नाही. मुक्ता हळू आवाजात म्हणाली, "आता ईराला घेऊ नका. प्लीज."
येताना माणकोलीच्या पुलावर, गाडी चालवताना, एक हात स्टिअरिंगवर आणि दुसरा... बो. ना. यापुढे एवढंच लिहीन. पूर्ण लिहायचीही किळस येते.

१० नोव्हें.
जानेवारीत मुक्ताची रजा संपते. आम्ही दोघांनी बाळकुमला राहून ईराला सांभाळायचं, असं कधीचं ठरलंय. आज फोनवर त्याबद्दल चकार शब्द नाही. मीही काढला नाही.
पहिली-दुसरीच्या वर्गात अख्खी नोकरी 'बोट काढ' म्हणण्यात गेली माझी. सहा वर्षांची पोरं ऐकायची. घरात एकसष्ट वर्षांचं आहे, ते ढिम्म.

१२ नोव्हें.
सोसायटीची मीटिंग. हे सेक्रेटरी. विषय : लिफ्टमध्ये पिंका. "स्वच्छता ही दुसऱ्याला शिकवायची गोष्ट नाही, ती रक्तात असावी लागते." टाळ्या. खाली बसले आणि लगेच बो. ना. पहिल्या रांगेतल्या कुलकर्णीबाईंनी पदर तोंडाला लावला. हसू की उमासा, देव जाणे.
घरी आल्यावर मलाच विचारतात, "कसं झालं भाषण?"
"टाळ्या वाजवल्या ना लोकांनी. हात नाही मिळवला कुणी."
कळलं नाही. कसं कळणार.

१४ नोव्हें.
कामवाली संगीता आज अडूनच बसली. "काकी, काकांच्या खुर्चीच्या हाताखाली मी नाय पुसणार. पायजे तर दुसरी बाई बघा."
वाकून बघितलं. जुन्या सुरीने मीच खरवडलं. सुरी टाकून दिली. खुर्चीही टाकली असती, पण मग सोफा गेला असता.

१६ नोव्हें., रवि.
उशीच्या अभ्र्यावर परत रक्त. शिवाय गेले काही महिने झोपेत नाकातून शिट्टी वाजते. बारीक, एका सुरात. आधी मला वाटलं कुकर.
"डॉक्टरला दाखवा."
"हवा कोरडी आहे गं."
डोंबिवलीत, खाडीच्या काठावर, कोरडी हवा!
"नाकासाठी डॉक्टर? लोक हसतील."
लोक कधीचे हसतायत.

१९ नोव्हें.
मुक्ताचा फोन. ईराच्या ओठांभोवती फोड आलेत, पिवळी खपली धरतेय. बाळांच्या डॉक्टरांनी मलम दिलंय. त्यांनी विचारलं म्हणे, घरात कुणाच्या नाकात फोड, खपल्या वगैरे आहेत का? नाकात जंतू असतात, हाताने पसरतात.
"मग तू काय सांगितलंस?"
"काय सांगणार? म्हटलं, बघते."
कुणामुळे झालं ते नक्की सांगता येत नाही, असंही डॉक्टर म्हणाले. मुक्ताने हे वाक्य दोनदा सांगितलं. मला बरं वाटावं म्हणून.
यांना सांगितलं. "बाळांना उठतंच काहीतरी," म्हणाले, आणि पेपर वर धरला. पेपरामागे काय चाललंय ते कोपराच्या हालचालीवरून कळतं.

२२ नोव्हें.
नाकाचा शेंडा लाल. आत फोड आलाय, स्पर्शही सहन होत नाही. पण बोट काही स्वस्थ बसत नाही. दर दहा मिनिटांनी चौकशीला जातं.
"त्याला हात लावू नका. फोडू तर मुळीच नका."
"मला शिकवू नकोस. तुझ्या वर्गातला आहे का मी?"
नाही. तिथली पोरं शहाणी होती.

२३ नोव्हें., रवि.
फोडला. आरशासमोर उभं राहून, दोन्ही अंगठ्यांनी. शिवाय बाहेर येऊन विजयी मुद्रेने, "निघालं सगळं. आता बरं वाटतंय."
संध्याकाळी हुडहुडी. दोन चादरी. "व्हायरल असणार." बाळकुमला आज गेलोच नाही. कुणी बोलावलंही नव्हतं.

२४ नोव्हें.
हॉस्पिटलात, रिसेप्शनच्या बाकावर बसून लिहितेय.
सकाळी उठले तर बाजूला कुणी भलताच माणूस झोपलेला. डावा डोळा सुजून बंद, वरचा ओठ लोंबतोय, अंग तापलेलं. "डोकं फुटतंय," म्हणाले. डोळ्याची पापणी वर धरून माझ्याकडे बघितलं आणि, "तू दोन दिसतेयस."
एवढ्यावरही, "दाढी करून, पावडर लावून घेतो, मग जाऊ." मी रिक्षा बोलावली. जवळच्या नाक-कान-घशाच्या डॉक्टरांनी तपासून थेट कल्याणच्या मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. चिठ्ठी लिहितानाच म्हणाले, घरी जाऊ नका, इथूनच जा.
इथे एक तरुण डॉक्टर आहे, मुक्ताहूनही लहान असेल. तिने विचारलं, "फोड कसा फुटला?"
"आपोआप फुटला," हे म्हणाले.
मी म्हटलं, "नाही. यांनी फोडला. आणि झाला तोही यांच्यामुळेच. दिवसभर बोट नाकात असतं. लग्न झाल्यापासून बघतेय."
उघड्या डोळ्याने माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी चारचौघांत यांचं धोतर सोडलं.
ती हसली नाही. लिहून घेतलं. मला बाजूला घेऊन म्हणाली, नाकाच्या इथल्या शिरा डोळ्यामागे, मेंदूकडे जातात. संसर्ग त्या वाटेने वर गेलाय. साखरही भयंकर वाढलेली निघाली, कुणाला पत्ताच नव्हता. "जीवाला धोका आहे, काकू. लपवत नाही."

२५ नोव्हें.
आयसीयू. शिरेत गुठळी आहे. अँटिबायोटिक चालू.
एका हाताला सलाईन. दुसरा हात ग्लानीतसुद्धा नाकाकडे! नर्सने शेवटी मुठीला बँडेज गुंडाळलं, बॉक्सरसारखं. मूठ तरी वर जाते, नाकावर आपटते, खाली येते. परत वर. मृत्यू दाराशी, आणि याला खपली काढायचीय.
भावजींचा फोन, काय झालं वहिनी? "सायनसचं आहे." कुलकर्णीबाईंना, "सायनस." काय सांगणार दुसरं? लोकांचे नवरे हार्टने जातात, अपघाताने जातात. माझा...
डबा आणला होता. दोन घास खाल्ले. उरलेला तसाच परत.

२६ नोव्हें.
मुक्ता आली. काचेतून बघितलं आणि रडायला लागली. "आई, मी त्या दिवशी फार बोलले."
"कमीच बोललीस."
"असं नको ना बोलूस."
ईरा बरी आहे, खपल्या पडल्या. तिला घरी ठेवून आलेली. निघताना म्हणाली, "बाबांना सांग ईरा बरी आहे." मी सांगितलं. ऐकू गेलं की नाही माहीत नाही. बंद डोळ्यातून पाणी आलं, पण ते सुजेचंही असेल.

३० नोव्हें., रवि.
धोका टळला म्हणाले. देवाला हात जोडले. तिथल्या तिथे रागही आला. इतका, की जिन्यात जाऊन उभी राहिले.

४ डिसें.
त्याच डॉक्टर मुलीने बारीक कॅमेरा नाकात घालून पडद्यावर दाखवलं. दोन नाकपुड्यांमधल्या पडद्याला आरपार भोक. पलीकडचं दिसतं! "नख लागून लागून झालंय. शिट्टीसारखा आवाज येतो का श्वास घेताना?"
माझ्याकडे बघायची यांची हिंमत झाली नाही.
"बुजेल का?" यांनी विचारलं.
"ऑपरेशन करता येतं. पण बोट थांबलं नाही तर उपयोग नाही. परत जखम, परत जंतू, त्यात तुमची साखर. दुसऱ्या वेळी वाचालच असं नाही."
डावा डोळा बाहेरच्या बाजूला वळत नाही. काही महिन्यांत वळेल, किंवा नाही. गाडी चालवायची नाही.

१३ डिसें.
काल घरी आणलं. डोळ्यावर पट्टी. आज सोसायटीतले बघायला आले. स्वारी सोफ्यावर बसून, "सायनस हो. वेळीच लक्ष दिलं म्हणून निभावलं." वेळीच! थाप माझीच, वरची फोडणी यांची.
लोक गेल्यावर मी दार लावलं आणि म्हटलं, "आता मला एकदा सांगा. का करता?"
समोरचे रिकामे कप एकात एक ठेवले. मग, "मला कळतच नाही गं. कळतं तेव्हा बोट गेलेलं असतं."
"लाज नाही वाटत?"
"वाटते ना. कळल्यावर वाटते. लाज वाटली की आणखी जातं."
एवढ्या वर्षांच्या संसारात या विषयावर हा पहिला संवाद. मला वाटायचं, पर्वा नाही म्हणून करतात. पर्वा असून करतात हे जास्त वाईट की कमी?

१४ डिसें., रवि.
डॉक्टरांनी सांगितलंय, नखं बारीक ठेवा, नाकात मलम लावा, हात कशात तरी गुंतवा. सवय फारच असेल तर मानसोपचारवाल्यांकडे जा. त्यावर हे, "मी वेडा आहे का?" झालं, परत मूळ पदावर.
हात गुंतवायला मटार सोलायला दिले असते. पण ते खाणार कोण?
पट्टीमुळे अंदाज येत नाही म्हणून नखं मी कापली. उजव्या हाताचं पहिलं बोट माझ्या हातात. नखाखालची कातडी सोललेली, लाल. इतकं मऊ बोट असेल असं वाटलं नव्हतं. कापून झाल्यावर मी साबणाने हात धुतले, दोनदा. त्यांनी बघितलं.

२१ डिसें., रवि.
मुक्ता ईराला घेऊन आली. यांनी सकाळपासून चार वेळा हात धुतले. खुर्चीत हात गुडघ्यांवर ठेवून, शाळेत फोटोला बसतात तसे बसले. मागितलं नाही तिला. मुक्तानेही दिली नाही. ईरा सतरंजीवर पालथी पडून यांच्या पट्टीकडे बघत होती. हे तिच्याकडे. दोघांचा तेवढाच खेळ.
चहा घेताना यांचा हात वर गेला. आम्ही दोघी एकदम थांबलो. पट्टी सारखी केली आणि हात खाली. दोघींनी श्वास सोडला, तो यांना ऐकू गेला. तोंड पडलं.
मला दया आली का? थोडी. लगेच संतापही, की एक भुरटं बोट, त्याच्या पायी दोन बायकांनी श्वास रोखून बसायचं.

२४ डिसें.
मुक्ताचा फोन. पाळणाघर बघून आलेय म्हणाली, बाळकुमलाच, त्यांच्या शेजारच्या टॉवरमध्ये. नाव घालायला रविवारपर्यंत मुदत आहे.
"आई, मला खरं सांग. थांबलंय का?"
यांना ऐकू जाऊ नये म्हणून मी बाल्कनीत गेले. काय सांगू? माझ्यासमोर बो. ना. नाही. हॉस्पिटलातून आल्यापासून एकदाही नाही. मानसोपचारवाल्यांचा नंबर यांनी आपणहून मागितला. फोन केला की नाही, विचारलं नाही.
"बघते," म्हटलं.

२८ डिसें., रवि.
आज सांगायचंय तिला.
सकाळी उशीचा अभ्रा बघितला. स्वच्छ. खुर्चीच्या हाताखाली बघितलं. स्वच्छ. मी, या वयात, नवऱ्याच्या खुर्चीखाली वाकून. काय वेळ आणलीय या माणसाने.
पण एक गोष्ट नवीन. बाथरूमला आता आतून कडी लागते. पूर्वी कधी लावत नसत. नळ चालू असतो. बराच वेळ. आत हात धुतात, की...
मी दाराबाहेर उभी राहिले. पाण्याशिवाय काही ऐकू येईना. हे बाहेर आले तेव्हा मी तिथेच होते.
"काय गं?"
"काही नाही."
ओले हात पुढे करून दाखवले. दोन्ही बाजूंनी. मुलं दाखवतात तसे.
मुक्ताचे दोन मिस्ड कॉल आहेत.