सुभद्रेसाठी निवडलेली दातांची पट्टी

चि. सौ. सुभद्रेस,

रजेवर येणाऱ्या माझ्या कृष्णातला आणायला मी स्टेशनावर जात आहे. झोपेत तू कोणावर दात खातेस, हे मी कधी विचारले नाही. जबडा दुखतो म्हणालीस, म्हणून सांगलीच्या डॉक्टरांना दाखवले. त्यांच्याकडे झोपेत दातांवर बसवायच्या दोन पट्ट्या होत्या. वरच्या दातांची पट्टी लावून बोलता येते. दुसरी दोन्ही जबडे एकत्र धरते. मी दुसरी घेतली. डबी देवघरात आहे. डॉक्टरांनी रात्रीपुरती सांगितली असली, तरी कृष्णातची रजा संपेपर्यंत ती दिवसाही लावावी.

त्याला पलटणीत कुटुंबासाठी क्वार्टर मिळाले आहे. ‘येतीस का माझ्यासंगं?’ असे तो माझ्यादेखत विचारील. तेव्हा मान आडवी हलवावी. मान हलवायला पट्टीची अडचण होत नाही.

तुझी सासू,
बनुबाई