इम्पाला तापायची थांबली

प्रिय नोएमी,

बाकी सगळं मागाहून, आधी बातमी. तुझ्या बाबांची इम्पाला गाडी काल भर ऑगस्टच्या दुपारी रिव्हरसाइड रस्त्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली, तीसुद्धा माणूस चालेल त्या वेगाने, आणि एकदाही पाणी उकळलं नाही. चालवत मी होते.

बाबांच्या वेळी काय व्हायचं ते तुला सांगायला नको. हमरस्त्यावर गाडी गुणी, पण आपल्या एस्पान्योला गावात जुन्या गाडीला पळवतंय कोण? सगळी शान हळू जाण्यात, आणि हळू गेलं की इंजिनाच्या तापमानाचा काटा चढायला लागायचा. मग बाबा कडेला थांबून बॉनेट उघडायचे आणि इंजिन दाखवायलाच थांबल्यासारखे ऐटीत उभे राहायचे. वाफ निघत असायची, तरी लोक फोटो काढायचे.

ते गेल्यावर तू बजावलंस, त्यांच्या गाडीला कुणा परक्याने हात लावायचा नाही. मी ते पाळलं. पण या उन्हाळ्यात वाटलं, मी कुठे परकी आहे? ताडपत्री काढली, बॅटरी बदलली, आणि चर्चपर्यंत पोचते न पोचते तोच पाणी उकळलं. म्हणून मी एलिसेओ मोन्तोयाकडे गेले. चिमायोच्या रस्त्यावर त्याचं जुन्या गाड्यांच्या भंगाराचं आवार आहे, लहानपणी तू त्याच्या कुत्र्यांना भ्यायचीस, तोच. बाबांचं आणि त्याचं कधी पटलं नाही, कारण दोघांनाही आपलंच खरं वाटायचं.

तुझी अट मी त्याला सांगितली होती, म्हणून तो आमच्या अंगणात आला तरी बॉनेटपासून चार हात लांबच उभा राहिला. म्हणाला, “इंजिन गार आहे तोवर पंखा हाताने फिरवून बघा, बाई.” मी फिरवला, तर भिंगरीसारखा फिरतच राहिला. “पंख्याचा क्लच गेलाय. गरम झाल्यावर पंख्याला पकडून फिरवायचं काम त्याचं, तो नुसताच सोडून देतोय. आणि श्राउड कुठे आहे?” मी विचारलं, ते काय असतं? तो हसला नाही, हे मला आवडलं. रेडिएटरच्या मागे पंख्याभोवती नरसाळ्यासारखं एक कडं असतं. ते नसलं की पंखा रेडिएटरमधून हवा ओढायची सोडून आजूबाजूची गरम हवाच घुसळत बसतो. बाबांनी ते काढून टाकलं असणार, क्रोमचा पंखा लोकांना दिसला पाहिजे ना. एलिसेओ म्हणाला, “दिसायला राजबिंडा, कामाच्या वेळी पाहुणा.” मी म्हटलं, “पंख्याबद्दल बोलताय की माझ्या नवऱ्याबद्दल?” बिचारा कानापर्यंत लाल झाला.

मग सुरू झाली निवड. बाई गं, तुझ्या लग्नाचा पोशाख निवडतानाही मी इतकी दुकानं पालथी घातली नव्हती. जो तो म्हणे विजेवरचा पंखा लावा. एलिसेओचं म्हणणं, गाडी रांगत असताना जुन्या अल्टरनेटरला तेवढी वीज बनवणं झेपत नाही, तो नाद सोडा. क्लच दोन प्रकारचे. एक नुसता इंजिनाचा वेग ओळखतो. दुसऱ्याच्या तोंडावर गुंडाळलेली पट्टी असते, तिला रेडिएटरमधून आलेल्या हवेची धग लागली की तो पंख्याला घट्ट धरतो. हळू जाणाऱ्याला हा दुसराच हवा. मी मोठ्या तोऱ्यात मागवला तर दांडा लांब निघाला, पाती रेडिएटरला टेकायला आली. परत पाठवला, आखूड आणला. नवं श्राउड मागवलं, ते रुंद रेडिएटरचं निघालं, दोन्ही बाजूंनी फटी. शेवटी एलिसेओच्या आवारात जर्दाळूच्या झाडांमागे त्याच सालची एक मोडकी गाडी सापडली. श्राउड धुळीने माखलेलं, पण कुठे तडा नाही. मला इतका आनंद झाला की मी ते तसंच छातीशी धरून आले. ब्लाउज गेला वाया.

बसवलं सगळं मी. तो हात मागच्या खिशात घालून नुसता सांगायचा. “अगं, उलटा फिरवतेयस नट. पाती निम्मी कड्याच्या आत, निम्मी बाहेर राहू दे. आणि भोवती सगळीकडे बोटभर जागा सोड. माझं बोट नको मोजूस, जाडं आहे.” दिवा धर म्हटलं तर म्हणाला, “दिवा धरतो, गाडी नाही. तुझ्या मुलीचा शब्द आहे.” जेवायला मात्र थांबायचा. माझं पोसोले त्याला तिखट लागतं, डोळ्यांतून पाणी येतं, तरी पुन्हा वाढून घेतो. त्याची बायको जाऊन पुष्कळ वर्षं झाली. तो तिच्याबद्दल बोलतो, मी बाबांबद्दल बोलते. कुणाला कसनुसं होत नाही.

आणि काल निघालो. तो माझ्या शेजारी बसला नाही, आपल्या पिकअपमधून मागे आला. पुलाजवळ गर्दीत अडकले आणि काटा चढायला लागला. आता थांबावं म्हणून इंडिकेटर दिला, तेवढ्यात पुढून घोंघावण्याचा मोठा आवाज आला, क्लचने पंखा धरला होता. काटा थबकला, आणि मग सावकाश खाली उतरला. मी एकटीच मोठमोठ्याने हसत होते. शेजारच्या गाडीतल्या म्हाताऱ्याने टोपी काढली, मीही राणीसारखा हात हलवला.

आता हे सगळं का लिहिलं ते. रस्ता संपल्यावर एलिसेओ पिकअपमधून उतरला, माझ्या खिडकीशी आला आणि म्हणाला, “ओर्लिंदा, उरलेली वर्षं माझ्याबरोबर काढशील?” मी हो म्हटलं. सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी चर्चमध्ये लग्न आहे. तू रागावलीस तरी ते होणार, हे आधीच सांगते. पण वरातीत इम्पालात कोण बसेल, ते तू ठरवायचं. तो म्हणतो, “नोएमीने हो म्हटलं तरच बसेन, नाहीतर नवरीच्या मागून पिकअपमध्ये येईन, लोकांना तेवढंच हसायला.” तसा तो येईलही, मला ठाऊक आहे. पण पोरी, डेन्व्हरहून ये. स्टीअरिंगवर तू बस, आम्ही दोघं मागे बसतो. आणि अगदी हळू चालव. सगळ्या गावाने मला नीट बघावं, अशी माझी फार इच्छा आहे.

तुझीच, उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
आई