या वर्षी बाबा गेले नाहीत

प्रिय खारुताई,

तुझं पत्र मिळून आज नऊ दिवस झाले. उत्तराला उशीर झाला म्हणून रागावू नकोस. फोन केला असता, पण आता फोनवर पूर्वीसारखं मोकळं बोलता येत नाही. घरात आणखी दोन कान आहेत. तुझा फोन आला की तुझे बाबा हातातलं काम टाकून येतात, शेजारी बसतात आणि आवाज मोठा कर म्हणून खूण करतात. स्वतः मात्र ‘बरं आहे ना’ यापलीकडे एक शब्द बोलत नाहीत. आत्ता ते घेवड्याला पाणी द्यायला गेलेत, तेवढ्यात दार ओढून घेऊन लिहायला बसले आहे. मध्येच अक्षर तिरकं झालेलं दिसलं तर समज की पावलं वाजली.

या वर्षी बाबा वीटभट्टीवर गेले नाहीत, एवढं तुला ठाऊक आहे. कसे गेले नाहीत, ते मी सांगितलेलं नाही. कापणी उरकली आणि नेहमीप्रमाणे भट्टीचा ट्रक कोपऱ्यावर येऊन उभा राहिला. वळकटी बांधलेली, पत्र्याची पेटी भरलेली, मी डबा करून दिलेला. ड्रायव्हरनं तीनदा हॉर्न वाजवला. बाबा उंबऱ्यापर्यंत गेले, पेटी खाली ठेवली आणि जाऊन ड्रायव्हरशी काहीतरी बोलून परत आले. मला म्हणाले, “दुसऱ्या ट्रकनं जातो.” दुसरा ट्रक चार महिन्यांनी येतो. सव्वीस वर्षांत त्यांनी पहिला ट्रक कधी चुकवला नव्हता. मग मी डबा उघडला आणि दोघांनी मिळून खाल्ला. पण वळकटी अजून सोडलेली नाही बरं का. कोपऱ्यात तशीच उभी आहे, आणि रोज झाडताना मी तिच्याकडे बघते. तो दुसरा ट्रक आता बारा दिवसांवर आला आहे.

ते राहू शकले ते त्या पैशांमुळे, हे उघड आहे. गेल्या वर्षी कुठल्याशा संस्थेची एक मुलगी हातात पाटीएवढा फोन घेऊन आली होती, आठवतं ना, मी तुला सांगितलं होतं. शेत किती, माणसं किती, एवढं विचारून गेली. मग दर महिन्याला माझ्या नावावर पैसे यायला लागले. कशासाठी म्हणून मी तिला तीनदा विचारलं. ती तिन्ही वेळा म्हणाली, “तुम्हाला वाटेल त्यासाठी, काकू.” माझा विश्वास बसेना. आमच्या मिशनच्या शाळेत जुन्या पेन्सिलीचं थोटूक दाखवल्याशिवाय सिस्टर नवी पेन्सिल देत नसत. मी शाळेच्या माळ्याची मुलगी, फुकट शिकणारी, माझं थोटूक तर त्या दोनदा बघत. त्या सवयीनं मी या पैशांतून आणलेल्या पहिल्या बियाण्याच्या रिकाम्या पिशव्या धुऊन, वाळवून, घडी करून ठेवल्या. कोणी तपासायला आलं तर दाखवायला असाव्यात म्हणून. कोणी आलं नाही. शेवटी त्यांच्या उशा शिवल्या.

तू विचारलं होतंस, नक्की बदललं काय? घरात येऊन बघशील तर फारसं काही दिसणार नाही. गोठ्यावर नवा पत्रा आहे. माझी दुखरी दाढ जाग्यावर नाही. बदल आहे तो वेळेचा. पूर्वी सगळंच घाईनं व्हायचं. खळ्यावरून धान्य उचललं की त्याच दिवशी व्यापाऱ्याच्या मापात, तो म्हणेल त्या भावात. या वेळी आम्ही पोती घरात रचली आणि थांबलो. दोन महिने. व्यापारी दोनदा येऊन गेला. म्हणाला, “काय वहिनी, यंदा धान्याला माहेरपणाला ठेवून घेतलंय वाटतं.” मी म्हटलं, “हो, आणि रुसलंय, स्वस्तात सासरी जायला तयार नाही.” तुझे बाबा आत तोंड दाबून हसत होते. चांगल्या भावानं गेलं मग. त्यातून आणि त्या दोन महिन्यांच्या पैशांतून पाण्याचा पाइप आणि छोटा पंप घेतला. विहिरीलगतचा तो तुकडा, जो उन्हाळाभर नुसता तडकून पडलेला असायचा, त्यावर आज घेवडा आहे, टोमॅटो आहेत. पाणी तेव्हाही होतं गं. उपसायला माणूस नसायचा. माझ्या एकटीच्या दोन हातांनी प्यायचं पाणी आणि गुरांचं पाणी, एवढंच व्हायचं.

आता माणूस आहे, आणि खरं सांगू, पहिले पंधरा दिवस मला तो माणूस नकोसा झाला होता. हसू नकोस. हे सहा महिने माझे असायचे. मी हवं तेव्हा जेवायची, हवं तिथं अंथरूण टाकायची. आता मी चुलीत लाकूड घातलं की मागून आवाज येतो, “एवढं लागतं?” भट्टीवर चाळीस माणसांचा स्वयंपाक ते पाळीपाळीनं करायचे, हे मला या वर्षी कळलं. सव्वीस वर्षं माझ्यासमोर पाण्याचा तांब्यासुद्धा भरून घेतला नाही, आणि आता मला भात शिकवतात. शिंपीणबाई कुंपणापलीकडून ऐकत असते. परवा म्हणाली, “वहिनी, तुमचं लग्न खरं आत्ता लागलं म्हणायचं.” एका दुपारी मी भांडी घासताना सिस्टरनी शिकवलेलं प्रार्थनेचं गाणं म्हणत होते, एकटीनं असताना म्हणते तसं, मोकळ्या गळ्यानं. मागे वळले तर हे दारात उभे. म्हणाले, “तू गातेस?” मी म्हटलं, हो. म्हणाले, “कधीपासून?” मला इतकी लाज वाटली की भांडं हातातून सुटलं. आता रोज दुपारी ते काहीतरी निमित्त काढून तिथं घुटमळतात आणि माझा आवाज काही फुटत नाही.

पण सगळंच हसण्यावारी नेण्यासारखं नाही. पिठाच्या गिरणीत कोणीतरी त्यांना म्हणालं, “मजा आहे बुवा, बायको कमावते आणि तुम्ही बसून खाता.” थट्टाच असेल. पण ते घरी आले आणि जेवले नाहीत. म्हणाले, “फुकटचं अन्न अंगी लागत नाही.” मी म्हटलं, “सव्वीस वर्षं कष्टाचं खाल्लंत, ते तरी कुठं अंगी लागलंय?” त्यांना हसू आलं, पण ताटावर बसले नाहीत. ज्याला सकाळी उठून हजार विटा पाडायची सवय, त्याला घेवड्याला पाणी देणं म्हणजे काम वाटत नाही. शेंगा धरायला अजून वेळ आहे. तोवर स्वतःला सांगायला त्यांच्याकडे काही नाही, आणि कोपऱ्यात वळकटी आहे. मला ती भीती रोज असते. पैसे माझ्या नावावर येतात, पण त्यांना घरात थांबवायची ताकद त्या पैशांत नाही. पैशांनी फक्त दार उघडं ठेवलंय.

मला कधीकधी वाटतं, तुझ्या मनात बाबा म्हणजे कोण आहेत? तू दोन वर्षांची होतीस तेव्हा ते सहा महिन्यांनी परत आले, आणि तू माझ्या पदराआड लपून त्यांना ‘काका’ म्हणालीस. सगळे हसले, तेही हसले. मग हातपाय धुवायला म्हणून विहिरीवर गेले ते बराच वेळ आलेच नाहीत. तुझ्या लग्नाला दोन दिवस आले, नखांत भट्टीची माती तशीच. तू शिक्षिका झालीस, तुझ्या सुट्ट्या नेमक्या त्यांच्या भट्टीच्या दिवसांत. तू येतेस तेव्हा ते नाहीत, ते असतात तेव्हा पेरणी नाहीतर कापणी, आणि तुझी शाळा चालू. छोटी चार वर्षांची झाली आणि तिच्या आजोबांनी तिला फोनच्या काचेतच पाहिलंय. यात कोणाची चूक नाही. पण तू त्यांच्याबद्दल विचारताना ‘ते कसे आहेत’ असं लिहितेस, जसं आपण डॉक्टरांबद्दल विचारतो, ते मला टोचतं.

आता एक गंमत सांगते. ट्रक गेल्यावर आठच दिवसांत त्यांनी अंगणात चिखल मळायला घेतला. साचा काढला आणि विटा पाडायला लागले. मला वाटलं, सवय. हात स्वस्थ बसत नाहीत, पाडू देत. गोठ्यामागे छोटीशी भट्टी लावून त्या भाजल्यासुद्धा. शिंपीणबाई म्हणाली, बंगला बांधताय की काय. ते विटा मोजत राहिले. मग एका सकाळी बघते तर विहिरीभोवती दोरी टाकून आखणी चाललेली. आपली विहीर तुला ठाऊकच आहे, जमिनीला सपाट, तोंड उघडं. तू तिच्या कडेनं लहानाची मोठी झालीस आणि मी सहा महिने जीव मुठीत धरून तुझ्यामागे धावले. कठडा करायचा विचार दर वर्षी व्हायचा, दर वर्षी ट्रक यायचा. जन्मभर लोकांच्या भिंतींसाठी विटा पाडल्या या माणसानं, स्वतःच्या घरासाठी या पहिल्या. मी विचारलं, एवढी वर्षं नाही ते आत्ताच काय सुचलं? तर विटेवरची नजर न काढता म्हणाले, “चार वर्षांची पोर किती उंच असते गं?” मला पटकन सांगता येईना. मग त्यांनी शिंपीणबाईच्या नातीला बोलावून तिथं उभी केली आणि तिच्या खांद्याशी खडूनं खूण केली.

आता मी नऊ दिवस का लिहिलं नाही, ते सांगते. तू लिहिलंस की यंदा येत नाही. तिघांचं गाडीभाडं वाचवून तेच आम्हाला पाठवतेस, हे महिने आमचे ओढीचे असतात म्हणून. पैसेही पोचले. मी पत्र वाचत होते तेव्हा त्यांनी विचारलं, “काय म्हणते?” आणि मी म्हटलं, “मजेत आहे.” तेवढंच. त्यांना मी अजून सांगितलेलं नाही. त्या दिवशी ड्रायव्हरशी ते काय बोलले, ते मला ड्रायव्हरच्या बायकोकडून नंतर कळलं. म्हणाले होते, “लेक येतेय सुट्टीत. ती येऊन जाऊ दे.” मला हे कधी बोलले नाहीत, तुलाही बोलणार नाहीत. तुझे पैसे मी परत तुझ्या खात्यावर टाकले आहेत, आणि त्यात माझे या महिन्याचे घातले आहेत. तुला भाड्यासाठी पैसे पाठवायची माझी ही आयुष्यातली पहिली वेळ आहे, तेव्हा नाही म्हणू नकोस. जावईबापूंना रजा मिळाली नाही तर तुम्ही दोघी या. चार दिवस या. दुसरा ट्रक यायच्या आत या. विहिरीचा कठडा जवळजवळ झाला आहे, फक्त सगळ्यात वरचा थर लावायचा राहिलाय. विटा रचून तयार आहेत, पण ते लावत नाहीत. छोटीला तिथं उभी करून बघितल्याशिवाय लावणार नाही म्हणतात.

तुमच्या वाटेकडे डोळे लावून बसलेली,
तुझीच,
आई